सीआरझेडमधील जुने राहते घर नव्याने बांधताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची ठिकाणे

किनाऱ्यालगतचे पडके घर उतरवून त्याच जागी नवे बांधू पाहणाऱ्यांचे अर्ज वारंवार परत येतात, आणि परत आलेल्या कागदावर ‘सीआरझेडमुळे नामंजूर’ एवढाच शेरा असतो. प्रत्यक्षात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली 18 जानेवारी 2019 रोजी निघालेली सागरी किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचना अशा घराला वाट ठेवते. ती वाट नीट वाचली जात नाही.

सर्वात जास्त गैरसमज 300 चौरस मीटरच्या तरतुदीबद्दल आहे. सीआरझेड-2 (किनाऱ्यालगतचा विकसित शहरी भाग) आणि 3 (ग्रामीण भाग) मध्ये एकूण 300 चौरस मीटर बांधकामापर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, पण स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागतेच, आणि ती देण्यापूर्वी प्रस्ताव अधिसूचनेच्या नियमांवर तपासणे हे त्याच प्राधिकरणाचे काम आहे. ‘परवानगीच नको’ असे समजून पाया खणणारे फसतात. उलट शिफारशीची गरज नसताना ‘मुंबईहून (म्हणजे राज्य प्राधिकरणाकडून) पत्र आणा’ असे सांगून अर्जदाराला पिटाळणारी टेबलेही आहेत. अशा वेळी अधिसूचनेतील तो परिच्छेदच अर्जाला जोडावा.

दुसरी चूक अंतराची. ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवे बांधकाम सहसा करू न देण्याचा पट्टा, 50 मीटरवर आले ते फक्त सीआरझेड-3 अ मध्ये, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात. बाकी गावांना, म्हणजे 3 ब मध्ये, समुद्राच्या बाजूने 200 मीटर कायम आहे. हे अंतर मंजूर सीआरझेड नकाशावरील भरती रेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जिथवर येते त्या रेषेपासून, धरतात. ओल्या वाळूपासून टेप लावून काढलेला आकडा कोणीही ग्राह्य धरत नाही.

ना-विकास क्षेत्रात अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करता येते, मात्र जोते, चटई क्षेत्र आणि घनता पूर्वीइतकीच ठेवून. इथे अडचण ‘अधिकृत’ या शब्दाची आहे, कारण आजोबांनी जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेल्या घराचा मंजूर बांधकाम नकाशा कुणाकडेच नसतो, आणि बहुतेकांच्या हाती असलेला ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरीही त्याचा उपयोग आहे: जुन्या सालांचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, गावठाणाचे भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका, असे सगळे एकत्र जोडल्यास घर केव्हापासून उभे आहे हे दाखवता येते. पण कळकळीने सांगतो, हे जुळेपर्यंत घर पाडू नका. एका अर्जदाराने पावसाळ्यापूर्वी घाईने चिरे उतरवले, आणि पडवी मूळ जोत्यात होती की मागाहून जोडलेली हे सांगायला जागेवर काहीच उरले नाही. चारही बाजूंचे मोजमाप, टेप दिसेल असे फोटो आणि पंचनामा आधी करून घ्यावा.

कांदळवन (खारफुटी) जवळ असेल तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. अधिसूचनेत 1000 चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टा आहे, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार महाराष्ट्रात क्षेत्रफळ कितीही असले तरी तेवढ्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यासारखी संरक्षित क्षेत्रे सीआरझेड-1 अ या सर्वात संवेदनशील वर्गात मोडतात. तिथे वरची 300 चौरस मीटरची सवलत लागू होत नाही.

ओळखपत्र, स्थळ नकाशा, वारसांची संमती हे नेहमीचे कागद. अर्ज देताना आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्यावी. ‘असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही’ या उत्तरापुढे दुसरे काही चालत नाही.