अल्ट ए १

अल्टरनेरिया वंशातील बुरशींमध्ये तयार होणारे ॲलर्जीजनक प्रथिन. अल्टरनेरियाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, म्हणून वैद्यकात ते आधीपासून परिचित आहे. माणसाचे नाक मात्र त्याचे खरे लक्ष्य नव्हे. ही बुरशी पानांवर व फळांवर जगते आणि या प्रथिनाचा उपयोग तिला तिथेच होतो.

याचे दोन रेणू एका डायसल्फाइड बंधाने (दोन गंधक अणूंमधील बंधाने) जोडलेले असतात. जोडीचे वजन सुमारे 30 किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) भरते. प्रथिन बीजाणूच्या भित्तिकेत साठवलेले असते. बीजाणू ओलसर पानावर पडून रुजू लागला की ते बाहेर झिरपते. वनस्पतीच्या दोन पेशींच्या मधल्या पोकळीत असते तशा सौम्य आम्ल स्थितीत ते सहज सुटते.

वनस्पतीही स्वस्थ बसत नाही. हल्ला होताच ती ‘पीआर-5’ या संरक्षक गटातील, थॉमॅटिन या वनस्पती-प्रथिनासारखी प्रथिने तयार करते. त्यांतली काही बुरशीच्या भित्तिकेतील ग्लुकान (शर्करेच्या लांब साखळ्या) तोडतात. अल्ट ए १ नेमके त्यांनाच चिकटते आणि त्यांचे काम थांबवते. हे किवी फळात तपासले गेले: बुरशी टोचलेल्या फळाच्या गरात अल्ट ए १ पसरलेले दिसले, आणि त्याने धरलेले पीआर-5 प्रथिन हे स्वतः किवीचे एक ॲलर्जीजनक निघाले. कापसावर मर रोग आणणाऱ्या व्हर्टिसिलियम डाहलीमधील ‘पेव्हडी1’ हे याच कुळातील प्रथिन कापसाच्या पीआर-5ला असेच बांधते.

पण हे हत्यार दुधारी आहे. अल्टरनेरिया टेन्युइसिमा या बुरशीचे याच कुळातील ‘एचरिप1’ प्रथिन तंबाखूच्या पानात टोचले, तर तिथल्या पेशी मरतात आणि झाडाची प्रतिकारयंत्रणा जागी होते. त्यामुळे रोगाचे सारे खापर या एका प्रथिनावर फोडणे चूक ठरेल. अल्टरनेरियाची विषे आणि वनस्पतीची पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे (एन्झाइम) यांचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्रात या वंशाचा सर्वांत ओळखीचा रोग म्हणजे कांद्यावरचा जांभळा करपा (अल्टरनेरिया पोराय). पातीवर आधी खोलगट पांढुरके ठिपके पडतात, मग त्यांचा मधला भाग जांभळा होतो आणि पात तिथूनच मोडते. ढगाळ, दमट हवा आणि पातीवर टिकणारा ओलावा रोगाला पोषक. फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागी शिरकाव आणखी सोपा होतो, म्हणून फुलकिडे आवरल्याशिवाय करपा आवरत नाही. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक (10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम) बीजाणू रुजू देत नाही, पण आत शिरलेल्या बुरशीला ते गाठत नाही. फवारणी उशिरा झाली की फसते ती यामुळे. मेणचट पातीवर द्रावण ओघळून जाते, म्हणून त्यात स्टिकर (चिकटद्रव्य) घालावाच लागतो.

करपलेली पात वाळली की बीजाणू धुळीसारखे उडतात. दम्याच्या रुग्णांनी काढणी आणि पात कापणी तोंड-नाक झाकूनच करावी.