सेवा क्लब (बेळगाव सीमाभाग)

सेवा क्लब : व्यवसायधंद्यात स्थिरावलेल्या माणसांनी ठरावीक दिवशी एकत्र जमायचे, ओळखी वाढवायच्या आणि त्या ओळखींच्या बळावर गावासाठी काही काम उभे करायचे, अशा रीतीने चालणारी सभासदांची संस्था. बेळगाव शहर आणि सीमाभागात रोटरी, लायन्स व जायंट्स या तीन संघटनांचा वावर ठळक आहे. जेसीआय ही तरुणांची आणि इनरव्हील ही स्त्रियांची संघटना त्यांच्या जोडीला आहेत. ‘क्लब’ म्हटले की मराठी माणसाला आधी पत्ते आणि टेनिस आठवतात, त्यामुळे नावामागे ‘सेवा’ लावणे भाग पडते. सभासद स्वतः मात्र ‘आज क्लब आहे’ एवढेच म्हणतात.

तिन्ही संघटनांचा उगम वेगवेगळा आहे. पॉल हॅरिस या वकिलाने तीन स्नेह्यांसह २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. भारतातला पहिला रोटरी क्लब १९१९-२० मध्ये कलकत्त्यात निघाला. लायन्सची स्थापनाही शिकागोतच, १९१७ साली मेल्विन जोन्स यांनी केली. भारतातला पहिला लायन्स क्लब मुंबईत १९५६ मध्ये सुरू झाला; त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. जायंट्स ही मात्र घरची संस्था. नाना चुडासामा यांनी ती १९७२ मध्ये मुंबईत काढली. बेळगावात ‘मेन’, ‘सखी’ अशा नावांनी तिचे ग्रुप चालतात आणि त्यांचा कारभार रोटरीच्या मानाने अधिक मराठी वळणाचा आहे.

सीमाभागात या क्लबांना एक वेगळा अर्थ येतो तो त्यांच्या नकाशामुळे. बेळगाव कोणत्या राज्यात असावे हा वाद महाजन आयोगाने (१९६६-६७) मिटला नाही. महाराष्ट्राने ८१४ गावांसह बेळगाव, कारवार, निपाणीवर हक्क सांगितला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या ‘डिस्ट्रिक्ट’मध्ये मात्र बेळगाव, धारवाड, कारवार, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा हे सगळे एकाच घरात नांदतात. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, अनेक क्लबांचा मिळून एक विभाग; आणि ‘गव्हर्नर’ म्हणजे राज्यपाल नव्हेत, त्या विभागाचे वर्षापुरते प्रमुख. ‘गव्हर्नर येणार आहेत’ हे ऐकून नवख्या माणसाने पोलीस बंदोबस्ताची चौकशी करावी, असा हा शब्द आहे. प्रत्यक्षात येतात ते कोल्हापूरचे एखादे डॉक्टर किंवा गोव्याचे उद्योजक, आणि पुढच्या वर्षी कदाचित बेळगावचेच कुणी. लायन्सची आखणी निराळी आहे. त्यांच्या ३१७-बी या डिस्ट्रिक्टमध्ये गोवा आणि उत्तर कर्नाटक एकत्र येतात, कोल्हापूर बाहेर राहते.

रोटरीची आखणी राजकारणापेक्षा रस्त्याला धरून आहे. बेळगावहून बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ११०. लग्नसंबंध, दवाखाने, फाउंड्रीचे सुटे भाग, गुळाचा बाजार हे सगळे या ११० किलोमीटरच्या वाटेवर आधीपासून होते, क्लब त्यावर मागाहून बसले. त्यामुळे रस्ता अडला की क्लबही अडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-निपाणी भागात महामार्ग काही दिवस पाण्याखाली गेला. कोरोनाकाळात राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी अहवाल मागितले जात होते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. कागदावर एक असलेला डिस्ट्रिक्ट अशा वेळी नाक्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा दोन तुकड्यांत पडतो.

सभासदत्व अर्ज टाकून मिळत नाही. जुन्या सभासदाने नाव सुचवायचे, संचालक मंडळाने पाहायचे, कुणाची हरकत नसेल तर कॉलरला पिन लावायची. रोटरीत मुळात एका व्यवसायाचा एकच सभासद घेण्याची प्रथा होती. ती पुढे सैल झाली, तरी ‘क्लासिफिकेशन’ (सभासदाचा व्यवसायगट) हा शब्द टिकून आहे. बेळगावच्या क्लबाचे सभासदपट चाळले तर शहराची बाजारपेठच उलगडते : उद्यमबागेतले फाउंड्रीवाले आणि हायड्रॉलिक्सवाले, वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक, टिळकवाडीतले वकील आणि सनदी लेखापाल, खडेबाजारचे कापडवाले व सराफ, बांधकाम व्यावसायिक, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे इथेच स्थायिक झालेले निवृत्त लष्करी अधिकारी. शहापूर-वडगावच्या विणकरांची वस्ती हाकेच्या अंतरावर आहे, पण मागावर बसणारा विणकर या यादीत दिसणे कठीण. त्याच्या मुलाला वह्या मिळतात, त्याला पिन मिळत नाही. वार्षिक वर्गणी, जेवणाचा खर्च आणि संध्याकाळचा मोकळा वेळ या तीन गोष्टीच सभासदाची वर्गवारी ठरवतात.

बैठक रोटरीत पूर्वी दर आठवड्याला असे. २०१६ च्या नियमबदलानंतर महिन्यातून निदान दोन बैठका पुरतात. तिचा क्रम ठरलेला आहे. अध्यक्ष घंटा वाजवतात. प्रार्थना किंवा राष्ट्रगीत होते. सचिव सूचना वाचतात, वाढदिवस आणि लग्नाच्या वाढदिवसांना टाळ्या पडतात. मग पाहुण्या वक्त्याचे वीस-पंचवीस मिनिटांचे भाषण, प्रश्नोत्तरे, आभार आणि पुन्हा घंटा. यानंतरचे जेवण म्हणजे ‘फेलोशिप’. शिस्त राखायला ‘सार्जंट ॲट आर्म्स’ हा पदाधिकारी असतो. उशिरा येणाऱ्याला आणि पिन विसरणाऱ्याला तो गमतीने दंड करतो. आपल्या क्लबची बैठक चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात हजेरी लावून ती भरून काढायची सोय होती, तिला ‘मेकअप’ म्हणत. परगावी गेलेला व्यापारी त्या निमित्ताने तिथल्या क्लबाच्या जेवणाला बसे, आणि नवे गिऱ्हाईक अनेकदा तिथेच भेटे. सभासदांच्या नावामागे ‘रो.’ किंवा ‘ला.’ लावले जाते. सभासदाच्या पत्नीला ‘ॲन’ आणि मुलांना ‘ॲनेट’ म्हणायची चाल भारतातल्या रोटरीत रूढ झाली. मराठी कानांना हे शब्द अजून परकेच वाटतात, पण निमंत्रणपत्रिकेतून ते गेलेले नाहीत.

भाषेचा प्रश्न इथे कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. एका टेबलाभोवती मराठी, कन्नड, कोकणी, गुजराती, मारवाडी घरांतली माणसे बसतात. व्यासपीठावर इंग्रजी, कारण ती कुणाचीच नाही. टेबलावर आल्यावर प्रत्येक जण समोरच्याची भाषा ओळखून बोलतो, आणि ‘या की, बसा की’ हा बेळगावी ‘की’ कन्नडिगांच्या मराठीतही उतरलेला असतो. हिशेब आणि पत्रव्यवहार इंग्रजीत, वृत्तपत्राला बातमी मराठीतून आणि कन्नडमधून वेगवेगळी. बॅनरचे काम सर्वांत नाजूक. बेळगावात फलक हा शब्द साधा नाही : येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक २०१४ मध्ये हटवला गेला तेव्हा गावात काय झाले ते लोक विसरलेले नाहीत, आणि २०२४ च्या कर्नाटकी कायदादुरुस्तीने व्यावसायिक फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले आहे. अशा गावात क्लबाच्या पाठीमागचा पडदा छापायला देतानाही अध्यक्षाला दोनदा विचार करावा लागतो.

पक्षीय राजकारणात न पडण्याचा या संघटनांचा दंडक जगभर आहे. बेळगावात तो एका सभागृहात बसण्याची अट बनतो. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी भाषिक काळा दिन पाळतात. एकाच क्लबातले दोन सभासद या दोन ठिकाणी असू शकतात, आणि पुढच्या बैठकीत तेच शेजारी बसून मोतीबिंदू शिबिराची तारीख ठरवतात. ही समजूतदारी म्हणायची की सोयीस्कर मौन, यावर मतभेद होऊ शकतात. मराठी शाळांतली पटसंख्या, सरकारी परिपत्रके मराठीतून मिळणे यांसारखे प्रश्न क्लबाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येत नाहीत. त्यासाठी माणसे महाराष्ट्र एकीकरण समितीकडे किंवा उचगाव, कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांकडे जातात.

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते. हा दिवस भारतात डॉक्टर दिन आणि सनदी लेखापाल दिनही असल्याने नव्या अध्यक्षाचा पहिला कार्यक्रम बहुधा डॉक्टर आणि लेखापालांचा सत्कार असतो, म्हणजे बरेचदा आपल्याच सभासदांचा. त्याच सुमारास अधिकारग्रहण समारंभ होतात. बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांत, विशेषतः १९१९ पासून चालत आलेल्या ‘तरुण भारत’सारख्या दैनिकाच्या स्थानिक पानांत, या समारंभांची छायाचित्रे आणि नावांची लांबलचक यादी छापून येते. पाऊस लागलेला असतो म्हणून झाडे लावली जातात, शाळा भरलेल्या असतात म्हणून वह्या-दप्तरे वाटली जातात. ५ सप्टेंबरला शिक्षकांचा गौरव. हिवाळ्यात निधीचे मोठे कार्यक्रम. जूनअखेर हिशेब मिटवायचे आणि गळ्यातली अध्यक्षपदाची कॉलर पुढच्याच्या गळ्यात घालायची.

या एका वर्षाच्या राज्याचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. शाळेत हात धुण्याचे बेसिन बसते, कोनशिला लागते, नळाला पाणी आणण्याचे काम पुढच्या अध्यक्षाकडे जाते आणि त्याची कोनशिला दुसरीकडे असते. ज्या क्लबात माजी अध्यक्षांचा वचक असतो तिथेच कामे तीन-चार वर्षे सलग चालतात.

पोलिओचे काम याला अपवाद ठरले. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले तेव्हा बूथवर चहा-नाश्ता पोचवणे, वाहने देणे, बसस्थानकावर उभे राहणे ही कामे क्लबांकडे आली. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. उसाच्या फडाजवळ आणि वीटभट्ट्यांवर बाहेरून आलेल्या मजुरांची मुले बूथपर्यंत येत नाहीत, त्यांच्यापर्यंत पथके न्यावी लागत. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. अध्यक्ष बदलत गेले तरी हे काम टिकले, कारण त्याचे वेळापत्रक क्लबाच्या हातात नव्हते, सरकारच्या होते.

इतर कामांत रक्तदान, नेत्रतपासणी, मोतीबिंदू शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव आणि सरकारी शाळांना बाके, संगणक, स्वच्छतागृहे यांचा वाटा मोठा. लायन्सचा डोळ्यांशी संबंध हेलन केलर यांच्या १९२५ च्या भाषणापासून सांगतात. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये असल्याने शिबिरांना डॉक्टर मिळायला अडचण येत नाही, आणि खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या वाड्यांवरून रुग्ण आणण्याचे काम गाडीमालक सभासद करतात. खरी अडचण नंतर येते : शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला तोच म्हातारा पुन्हा शहरात येईल याची खात्री देता येत नाही. मोठ्या खर्चाच्या कामाला रोटरी फाउंडेशनचे ‘ग्लोबल ग्रँट’ मिळू शकते. त्यासाठी प्रकल्प निदान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि परदेशातला एखादा क्लब भागीदार म्हणून शोधावा लागतो. इथे बेळगावहून परदेशी गेलेली मुले-मुली आई-वडिलांच्या क्लबाला उपयोगी पडतात.

स्थानिक निधीसाठी ‘अन्नोत्सव’ हा खाद्यमेळावा प्रसिद्ध आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी शहर तिथे खायला लोटते आणि क्लबाचे नाव ठाऊक नसलेल्यांनाही अन्नोत्सव ठाऊक असतो. गोवावेस येथील जलतरण तलावाच्या नावात महापालिकेबरोबर रोटरीचे नाव जोडलेले आहे. उन्हाळी सुटीत पोहायला शिकलेल्या पोरांना क्लबाची एवढीच ओळख पुरते.

स्त्रियांना रोटरीत जगभर प्रवेश मिळाला तो १९८९ मध्ये. त्याआधी सभासदांच्या पत्नींसाठी इनरव्हील होती, जी १९२४ मध्ये मँचेस्टरला स्थापन झाली. बेळगावात ‘दर्पण’ हा स्त्रियांचा रोटरी क्लब आणि जायंट्सचा ‘सखी’ ग्रुप स्वतःच्या नावाने कार्यक्रम करतात. शाळकरी मुलांसाठी इंटरॅक्ट (१९६२) आणि तरुणांसाठी रोटरॅक्ट (१९६८) असतात. महाविद्यालयाचा उत्साही प्राध्यापक बदलून गेला की रोटरॅक्टही बसते.

गल्लीतल्या तरुण मंडळाशी या क्लबांची तुलना नेहमी होते. झेंडा चौकातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा लोकमान्य टिळकांपासून सांगणाऱ्या शहरात मंडळाची मुळे खोल आहेत. मंडळ दारोदार वर्गणी मागते आणि हिशेब गल्लीला देते. क्लब आपल्या सभासदांकडून पैसे घेतो आणि हिशेब वरच्या कार्यालयाला पाठवतो. रात्री दोन वाजता रक्त हवे असेल तर माणूस आधी मंडळातल्या पोरांना फोन लावतो. डायलिसिसचे यंत्र हवे असेल तर क्लबाकडे जातो.

शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले. क्लबांच्या नावांत अजून ‘बेलगाम’ आहे, एका रोटरी क्लबाने तर शहराचे जुने नाव ‘वेणुग्राम’च घेतले आहे, आणि मराठी दैनिकातल्या बातमीत या सगळ्यांचे ‘बेळगाव’ होते.