कॅफ चॅम्पियन्स लीग, २०१८–१९

आफ्रिकी फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे कॅफच्या, क्लब संघांसाठीच्या सर्वोच्च स्पर्धेचा एक हंगाम. प्राथमिक फेरीला २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरुवात झाली. अंतिम फेरीचा परतीचा सामना ३१ मे २०१९ रोजी ट्यूनिसजवळच्या राडेस येथे अर्धवट थांबला आणि विजेतेपदाचा वाद सप्टेंबर २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयात संपला. विजेता ट्यूनिसचा एस्पेरान्स, उपविजेता कासाब्लांकाचा विदाद.

हंगामाच्या क्रमांकाबाबत संदर्भग्रंथांत दोन पद्धती आढळतात. १९६४–६५ मध्ये ‘आफ्रिकी विजेत्या क्लबांचा चषक’ या नावाने स्पर्धा सुरू झाली. पहिला मान कॅमेरूनच्या ओरिक्स दुआला संघाला मिळाला. तिथपासून मोजले तर हा ५५वा हंगाम ठरतो. १९९७ मध्ये गटसाखळीसह ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव आले. तिथपासून तो २३वा. कॅफ दोन्ही आकडे वापरते. विजेतेपदांची बेरीज मात्र १९६४–६५ पासूनच करावी लागते. तसे न केल्यास एस्पेरान्सचे १९९४ चे आणि विदादचे १९९२ चे विजेतेपद यादीतून गळते, म्हणून येथे पहिली पद्धत स्वीकारली आहे.

वर्षाच्या लेखनातही गोंधळ होतो. पहिला हंगाम सोडला तर २०१८ सालापर्यंत स्पर्धा एकाच कॅलेंडर वर्षात होत असे. रबात येथे २० जुलै २०१७ रोजी कॅफच्या कार्यकारी समितीने राष्ट्रीय संघांचा आफ्रिका चषक जानेवारीऐवजी जून–जुलैमध्ये आणि २४ संघांचा करण्याचे ठरवले. क्लब स्पर्धाही युरोपीय हंगामाशी जुळवून घ्यायच्या होत्या. या स्थित्यंतरात दोन हंगाम एकमेकांना चिकटले. २०१८ ची अंतिम फेरी ९ नोव्हेंबरला संपली आणि पुढचा हंगाम १८ दिवसांनी सुरू झाला. परिणामी ‘२०१८’ आणि ‘२०१८–१९’ अशी दोन स्वतंत्र विजेतेपदे नोंदवली जातात आणि दोन्ही एस्पेरान्सची आहेत. काही सारण्यांत दुसरे विजेतेपद नुसते ‘२०१९’ असे लिहिलेले असते. ते चूक नाही, पण वाचताना भान ठेवावे लागते.

रचना नेहमीची होती. प्राथमिक फेरी व पहिली फेरी दोन लेगची (दोन्ही संघांच्या मैदानांवर एकेक सामना), त्यानंतर १६ संघांचे चार गट, गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत आणि तिथून अंतिम फेरीपर्यंत पुन्हा दोन लेग. कॅफच्या पाच वर्षांच्या क्रमवारीतील वरच्या १२ राष्ट्रीय संघटनांना प्रत्येकी दोन क्लब पाठवता येत, बाकीच्यांना एक. पहिल्या फेरीत हरलेले संघ कॅफच्या दुय्यम क्लब स्पर्धेत, कॉन्फेडरेशन चषकात, जात. बक्षिसाची रक्कम विजेत्यास २५ लाख डॉलर, उपविजेत्यास साडेबारा लाख, उपांत्य फेरीत हरलेल्यांस ८ लाख ७५ हजार आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांस साडेसहा लाख अशी होती.

गटसाखळी. अ गटातून विदाद व दक्षिण आफ्रिकेचा मामेलोडी सनडाउन्स, ब गटातून एस्पेरान्स व गिनीचा होरोया, क गटातून काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा टीपी मझेंबे व अल्जीरियाचा सीएस कॉन्स्टंटिन, ड गटातून इजिप्तचा अल अहली व टांझानियाचा सिंबा हे संघ पुढे गेले. एस्पेरान्सने सहा सामन्यांत १४ गुण मिळवले आणि गटसाखळीपासून पुढे एकही सामना गमावला नाही. विजेतेपदाच्या वादात ही कामगिरी झाकोळून गेली, हे या संघावर अन्याय करणारे आहे.

सर्वांत चुरशीचा ड गट. अल अहली १०, सिंबा ९, अल्जीरियाचा जेएस सौरा ८ आणि किन्शासाचा व्हिटा क्लब ७ असे गुण होते. पहिल्या व शेवटच्या संघात अवघ्या तीन गुणांचे अंतर. सिंबाचे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. बाहेरचे तिन्ही सामने हा संघ हरला: व्हिटाकडून ०–५, अल अहलीकडून ०–५, सौराकडून ०–२. घरी, दार एस सलामला, मात्र तिन्ही जिंकले: सौराविरुद्ध ३–०, अल अहलीविरुद्ध १–०, व्हिटाविरुद्ध २–१. केलेले गोल ६, स्वीकारलेले १३, आणि तरीही संघ बाद फेरीत. गोलफरक पाहून संघाचे बळ जोखणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. आफ्रिकी क्लब फुटबॉलमध्ये लांब पल्ल्याचा प्रवास, हवामान आणि घरचा प्रेक्षक यांचा प्रभाव इतका असतो की घरचे नऊ गुण हाच पात्रतेचा खात्रीचा मार्ग ठरतो. शेवटच्या सामन्यात सिंबाच्या क्लॅटस चामाने अगदी अखेरच्या क्षणी केलेला गोल नसता तर हा हिशेबही फसला असता.

क गटात २ फेब्रुवारी २०१९ रोजी लुबुंबाशी येथे मझेंबेने ट्यूनिसच्या क्लब आफ्रिकेनला ८–० असे हरवले. त्याआधी, १८ जानेवारीला इस्माइलिया येथे इजिप्तचा इस्माइली विरुद्ध क्लब आफ्रिकेन सामना प्रेक्षकांनी मैदानावर वस्तू फेकल्यामुळे अखेरच्या टप्प्यात थांबवावा लागला. तेव्हा पाहुणे २–१ ने पुढे होते. कॅफने इस्माइलीला स्पर्धेतून काढले आणि अपिलानंतर परत घेतले. या प्रकरणाची दखल सहसा एका ओळीत आटोपली जाते. थांबलेल्या सामन्याचा निकाल कोणत्या समितीने द्यायचा आणि तो कुठे बदलू शकतो हा प्रश्न मात्र याच हंगामात जानेवारीतच पुढे आला होता, एवढे त्यावरून दिसते.

बाद फेरी. उपांत्यपूर्व फेरीत सनडाउन्सने प्रिटोरियात ६ एप्रिलला अल अहलीचा ५–० असा धुव्वा उडवला. कैरोच्या या क्लबचा आफ्रिकी स्पर्धांतील हा सर्वांत मोठ्या पराभवांपैकी एक. परतीचा सामना अल अहलीने १–० जिंकला, पण त्याचा उपयोग नव्हता. (सनडाउन्सचे प्रशिक्षक पिट्सो मोसिमाने पुढे २०२० मध्ये अल अहलीकडेच गेले आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळवून दिले.) विदादने होरोयाला ०–० व ५–०, मझेंबेने सिंबाला ०–० व ४–१, एस्पेरान्सने कॉन्स्टंटिनला ३–२ व ३–१ असे हरवले. उपांत्य फेरीत एस्पेरान्सला मझेंबेविरुद्ध घरचा एक गोल पुरला (१–०, ०–०). विदादने गटातल्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याला, सनडाउन्सला, २–१ व ०–० असे मागे टाकले.

अंतिम फेरी, पहिला लेग. २४ मे, रबात. पंच इजिप्तचे गेहाद ग्रीशा. ४४व्या मिनिटाला फुसेनी कुलिबालीने एस्पेरान्सला आघाडी दिली. विदादचा इब्राहिम नकाश दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला. व्हिडिओ सहायक पंचाच्या (चित्रफीत पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणाऱ्या पंचाच्या) तपासणीनंतर विदादचा एक गोल रद्द झाला आणि पेनल्टीची मागणीही मान्य झाली नाही. दहा खेळाडूंनिशी ७९व्या मिनिटाला शेख कोमाराने बरोबरी साधली, १–१. ग्रीशांवर कॅफने नंतर सहा महिन्यांची बंदी घातली. राडेसला पोहोचलेल्या विदादच्या मनात पंचगिरीबद्दल अविश्वास का होता, हे या सामन्याशिवाय समजत नाही.

परतीचा लेग. ३१ मे, राडेस ऑलिंपिक स्टेडियम. पंच गांबियाचे बकारी गस्सामा. ४१व्या मिनिटाला युसूफ बेलाइलीने एस्पेरान्सला १–० असे पुढे नेले. ५९व्या मिनिटाला वालिद अल कर्तीने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. सहायक पंचाने ऑफसाइडचा, म्हणजे खेळाडू नियमबाह्य पुढे असल्याचा, झेंडा वर केला आणि गोल नाकारला गेला. दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शनात तो ऑनसाइड दिसत होता, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. तो धरला असता तर दोन्ही लेग १–१ झाले असते आणि बरोबरी सोडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोल मोजण्याच्या नियमानेही संघांत फरक पडला नसता. विदादच्या खेळाडूंनी व्हिडिओ तपासणी मागितली. तेव्हा उघड झाले की यंत्रणा चालूच नाही. तिचा एक आवश्यक भाग वेळेत पोहोचला नव्हता, असे कारण पुढे आले. विदादने खेळ पुन्हा सुरू करण्यास नकार दिला. कॅफचे अध्यक्ष अहमद अहमद स्वतः मैदानावर उतरले. सुमारे दीड तासाच्या खोळंब्यानंतर गस्सामांनी शिटी वाजवून सामना संपवला आणि चषक एस्पेरान्सच्या हाती दिला गेला.

वादाचे तीन मुद्दे एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला मुद्दा, गोल वैध होता का. तो मैदानावरच्या पंचांच्या निर्णयाचा भाग आहे आणि खेळाच्या नियमांनुसार असा निर्णय सामन्यानंतर कोणतीही समिती बदलत नाही. दुसरा मुद्दा, यंत्रणा बंद असल्याचे संघांना आधी सांगितले होते का. दोन्ही कर्णधारांना सामन्यापूर्वी कळवले होते, अशी पंचांची बाजू. आपल्याला काही कळवले नव्हते, अशी विदादची. येथे एकमत झालेले नाही. तिसरा आणि निर्णायक मुद्दा असा की, यंत्रणा बंद असताना खेळायला नकार देता येतो का. फुटबॉलच्या नियमावलीतील व्हिडिओ सहायक पंचाच्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे की तंत्रज्ञानातील बिघाडामुळे सामना अवैध ठरत नाही. गोलरेषा तंत्रज्ञानालाही हेच लागू आहे.

या संहितेचे कामकाज थोडक्यात असे. तेव्हा तपासणी फक्त चार बाबतींत होत असे: गोल आहे की नाही, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दिले जाणे. यंत्रणा चालू असेल तर प्रत्येक गोल आपोआप तपासला जातो. मागणी करावी लागत नाही. हाताने पडद्याची खूण करून तपासणी मागणाऱ्या खेळाडूला उलट पिवळे कार्ड मिळते. गोल होण्याच्या बेतात असलेल्या हल्ल्यात सहायक पंच झेंडा मुद्दाम उशिरा उचलतो, म्हणजे चूक झाली तरी चेंडू जाळ्यात जाईपर्यंत खेळ चालू राहतो आणि दुरुस्तीला वाव उरतो. यंत्रणा नसेल तर ही सवलत नसते. झेंडा लगेच वर जातो आणि निर्णय तिथेच संपतो. म्हणून यंत्रणा बंद असल्याची माहिती सामन्याआधी प्रत्येकापर्यंत ठामपणे पोहोचणे अत्यावश्यक ठरते. राडेसमध्ये नेमके तेच ढिसाळ राहिले. तरीही, खेळाडूंचा राग समजण्याजोगा असला तरी, ‘तपासणी नाही तर खेळ नाही’ या भूमिकेला नियमांत आधार सापडत नाही. उपलब्ध निर्णय पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

५ जून २०१९ रोजी पॅरिस येथील तातडीच्या बैठकीत कॅफच्या कार्यकारी समितीने खेळाच्या व सुरक्षिततेच्या अटी पूर्ण झाल्या नव्हत्या, असे कारण देऊन परतीचा सामना त्रयस्थ मैदानावर, इजिप्तमधील आफ्रिका चषकानंतर, पुन्हा खेळवण्याचे ठरवले. एस्पेरान्सने चषक व पदके परत करावीत, असेही सांगितले. दोन्ही क्लब क्रीडा लवाद न्यायालयात गेले. ३१ जुलैला न्यायालयाने कार्यकारी समितीला असा आदेश देण्याचा अधिकारच नाही, असे म्हणून तो रद्द केला आणि प्रकरण कॅफच्या योग्य समित्यांकडे पाठवले. या निकालाने एस्पेरान्सला विजेता ठरवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्याने फक्त अधिकाराचा प्रश्न सोडवला. सामना पुन्हा खेळवायचा की नाही, हेही खुले ठेवले होते. विजेतेपद दिले ते ७ ऑगस्टला शिस्तपालन समितीने. विदादने सामना सोडला, म्हणून तो हरला, असा तिचा निर्णय होता. दोन्ही क्लबांना दंडही झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅफच्या अपील मंडळाने हा निर्णय कायम ठेवला आणि एक वर्षाने लवाद न्यायालयाने विदादचे अपील फेटाळले.

एस्पेरान्सचे हे चौथे विजेतेपद (१९९४, २०११, २०१८, २०१८–१९). क्लबची स्थापना जानेवारी १९१९ ची, त्यामुळे ते शताब्दी वर्षात आले. प्रशिक्षक मोईन शाबानी होते. विदादचे प्रशिक्षक फौझी बेंझार्ती होते, ज्यांनी १९९४ मध्ये एस्पेरान्सला पहिला चषक जिंकून दिला होता. विजेता म्हणून एस्पेरान्स डिसेंबर २०१९ मध्ये कतारमधील क्लब विश्वचषकात खेळला: सौदी अरेबियाच्या अल हिलालकडून ०–१ पराभव, कतारच्या अल सद्दवर ६–२ विजय आणि पाचवे स्थान. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे कॅफ सुपर चषकात (कॅफच्या दोन क्लब स्पर्धांच्या विजेत्यांतील सामन्यात) इजिप्तच्या झमालेकने त्याला ३–१ असे हरवले.

२०१९ मध्येच कॅफने अंतिम फेरी २०१९–२० पासून त्रयस्थ मैदानावर एकाच सामन्याची करण्याचे ठरवले. राडेसची घटना हे त्याचे एकमेव कारण होते असे म्हणता येत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यातल्या आहेत. पहिला असा सामना २७ नोव्हेंबर २०२० रोजी कैरोत अल अहली व झमालेक या दोन कैरोच्याच संघांत झाला. २०२२ चा अंतिम सामना कासाब्लांकाला, म्हणजे विदादच्या घरच्या मैदानावर ठेवला गेला. प्रतिस्पर्धी अल अहलीने आक्षेप घेतला आणि विदादने २–० असा विजय मिळवून तिसरे विजेतेपद पटकावले. २०२२–२३ पासून दोन लेगची अंतिम फेरी परत आली.