लिनक्स टॅब आणि ब्लूटूथ कीबोर्ड : जोडी नेमकी कुठे तुटते?

खानापूर तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने लाइटीचा भरवसा नसतो. सोसायटीचा हिशेब असो की शाळेची माहिती भरायची असो, अशा वेळी बॅटरीवर चालणारा टॅब डेस्कटॉपपेक्षा कामाला येतो. जुन्या टॅबवर लिनक्स (विंडोजसारखीच एक कार्यप्रणाली) चढवलं की त्याचं आयुष्य आणखी काही वर्षं वाढतं. मग ब्लूटूथ कीबोर्ड आणला जातो आणि नेमकं तिथेच अडतं. यादीत कीबोर्डचं नाव दिसतं, कधी ‘कनेक्टेड’ही येतं, पण एक अक्षर उमटत नाही. दोष रेंजला दिला जातो. एका टेबलावर ठेवलेल्या दोन वस्तूंमध्ये रेंजचा प्रश्न क्वचितच असतो. बहुतेक वेळा त्यांची किल्ली जुळत नसते.

पेअरिंग म्हणजे दोन यंत्रांची पहिली जोडणी. ती करताना टॅब आणि कीबोर्ड मिळून 128 बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक जोडणीत तीच किल्ली पडताळली जाते. टॅबवर लिनक्स नव्याने चढवलं की त्याच्याकडची किल्ली पुसली जाते, पण कीबोर्डकडे जुनी तशीच राहते. कीबोर्डचे सेल काढून पुन्हा घातले तरी फरक पडत नाही, कारण सेल काढल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत ती लिहिलेली असते. म्हणून पुसायचं तर दोन्हीकडून पुसायचं.

आधी टॅबचं ब्लूटूथ जागं आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) दिलं आणि ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘येस’ आलं, तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ने अडसर निघतो. (इथल्या सगळ्या आज्ञा इंग्रजीत, लहान अक्षरांत द्यायच्या, कॅपिटलमध्ये नाही.) यादीत ब्लूटूथचा पत्ताच नसेल, तर बहुधा चिपला लागणारं फर्मवेअर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सापडलेलं नसतं. स्वस्त टॅबवर हे वरचेवर घडतं. ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा दिल्यावर कोणती फाइल हवी होती तिचं नाव दिसतं.

आता मुख्य काम. लिनक्सवर ब्लूटूथचा कारभार ब्लूझी हे सॉफ्टवेअर बघतं आणि त्याच्याशी बोलायची आज्ञा म्हणजे ‘ब्लूटूथसीटीएल’ (bluetoothctl). सेटिंग्जमधली ब्लूटूथची खिडकी आधी बंद करा. ती आणि टर्मिनल दोन्ही उघडी असली की पेअरिंगचा आकडा कोणी दाखवायचा याचा घोळ होतो आणि आकडा कधी कधी दिसतच नाही. ‘डिव्हायसेस’ दिल्यावर कीबोर्डचा पत्ता मिळेल : दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ‘रिमूव्ह’ लिहून पुढे तो पत्ता द्या. मग कीबोर्डवरचं ब्लूटूथचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत तीन ते पाच सेकंद दाबून धरा. ‘स्कॅन ऑन’ द्या आणि नाव पुन्हा दिसेपर्यंत थांबा. जुना पत्ता वापरू नका, कारण अनेक कीबोर्ड दर नव्या पेअरिंगला पत्ता बदलतात. त्यानंतर याच क्रमाने ‘पेअर’, ‘ट्रस्ट’ आणि ‘कनेक्ट’ द्यायचं, प्रत्येकापुढे नवा पत्ता. ‘ट्रस्ट’ राहिलं तर आज सगळं सुरळीत चालतं, पण उद्या कीबोर्ड स्वतःहून जोडायला येतो तेव्हा अडवला जाऊ शकतो. सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी हीच.

‘पेअर’ दिल्यावर पडद्यावर सहा आकडे येतात. ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं असतं. टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही म्हणून लोक मध्येच थांबतात आणि साधारण 30 सेकंदांत प्रयत्न रद्द होतो. काही उमटत नाही, कारण हे आकडे अक्षरं म्हणून टॅबकडे जातच नाहीत, ते कीबोर्डच्या आतच राहतात. 999999 पर्यंतचा कुठलाही आकडा 20 बिटांत मावतो. 2007 पासूनच्या पद्धतीत दोन्ही बाजू हे 20 बिट एकेक करून, 20 फेऱ्यांत पडताळतात. मध्ये कोणी तिसरा शिरला तर प्रत्येक फेरीत त्याला अंदाजच करावा लागतो आणि एक अंदाज चुकला की पेअरिंग तिथेच मोडतं. इतकी सुंदर व्यवस्था फक्त सहा आकडे आणि एका एंटरवर उभी आहे! आकडे मात्र वरच्या ओळीतले वापरा. बाजूच्या नंबर पॅडचे काही कीबोर्ड या वेळी मोजत नाहीत.

जुना कीबोर्ड एखाद्या अपडेटनंतर अचानक बंद पडला असेल, तर त्यामागे वेगळं कारण असू शकतं. डिसेंबर 2023 मध्ये ब्लूटूथमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली. तिच्यामुळे परका माणूस आपलं यंत्र कीबोर्ड म्हणून तुमच्या टॅबला जोडू शकत होता. दुरुस्तीनंतर ब्लूझी रीतसर किल्ली न ठेवलेला कीबोर्ड नाकारतं. ‘क्लासिकबाँडेडओन्ली’ ही सेटिंग बंद करा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खडे बाजारात टॅब उघडून बसलात तर शेजारचा कोणीही त्यात टाइप करू शकेल. पुन्हा नीट पेअरिंग करणं हाच खरा उपाय.

एकाच टॅबवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर वेगळी अडचण येते. दोन्ही प्रणालींत ब्लूटूथ चिपचा पत्ता एकच असतो आणि कीबोर्ड एका पत्त्यासाठी एकच किल्ली ठेवतो. विंडोजमध्ये जोडलात की लिनक्सची किल्ली बाद होते आणि उलटही तसंच. कीबोर्डला एक-दोन-तीन असे खाने (वेगवेगळ्या यंत्रांशी जोडायच्या जागा) असतील तर लिनक्ससाठी वेगळा खाना वापरा. अनेक कीबोर्ड दर खान्याला वेगळा पत्ता लावतात, त्यामुळे भांडण मिटतं.

जोडी झाली, पण मध्येच ‘ककककक’ उमटतं? बटण सोडल्याचा संदेश उशिरा पोचला की टॅबला ते अजून दाबलेलंच वाटतं आणि काही क्षणांत तो अक्षर पुन्हापुन्हा छापायला लागतो. अनेक टॅबमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, बऱ्याचदा एकाच अँटेनावर असतात आणि दोन्हींसाठी 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. मोठं डाउनलोड चालू असताना हे जास्त जाणवतं. वायफाय 5 गिगाहर्ट्झवर न्या. यूएसबी 3 ची हार्डडिस्क टॅबपासून दूर ठेवा, तिचा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो. उद्यमबागच्या कारखान्यात टॅब लोखंडी कपाटामागे आणि कीबोर्ड पुढे असेल, तर मात्र खरोखरच रेंज कमी पडते.

भलतीच अक्षरं येणं हा जोडीचा दोष नाही. के बटण दाबलं की कीबोर्ड फक्त 14 हा क्रमांक पाठवतो. त्याचा क करायचा की इंग्रजी के, हे टॅब ठरवतो. बेळगाव-निपाणीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही रोज लागतात, तेव्हा इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची बटणांची मांडणी शिकून घेतलेलं बरं. मराठी क आणि कन्नड क त्यात एकाच बटणावर आहेत.

डिस्कला पासवर्ड लावला असेल तर सुरुवातीला ब्लूझी चालू झालेलं नसतं. पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही, म्हणून ओटीजी केबल (टॅबला यूएसबीची वस्तू जोडणारी) आणि एक साधा वायरचा कीबोर्ड टॅबच्या पिशवीतच ठेवा.