काम बाहेर देण्याची बडोद्याची जुनी वहिवाट

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत पंप-व्हॉल्व्हचे सुटे भाग करणारं एखादं लहान युनिट घ्या. ओतकाम फाउंड्रीतून येतं, टर्निंग घरच्या लेथवर होतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर बाहेर करून घ्यायला, जातं, जीएसटीचं काम सीएकडे, हेल्पर कंत्राटदाराचे. ही वाटणी कुणी ठरवली असं मालकाला विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘पहिल्यापासून असंच आहे.’

पहिल्यापासून मात्र असं नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या काळातला कल नेमका उलटा होता. १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा निघाली, १९०७ मध्ये अलेम्बिक, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. शिकलेले कारागीर हवेत तर आधी शाळा काढा, भांडवल हवं तर बँक काढा, असा तो मामला. अलेम्बिक समूहाने पुढे औषधांच्या जोडीला काचेचा कारखानाही चालवला. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये यामागचं गणित मांडलं. बाहेरून काम करून घ्यायचं तर माणूस शोधा, भाव ठरवा, माल तपासा, तगादा लावा. हा खटाटोप घरी काम करण्यापेक्षा महाग पडतो तोवर काम घरातच राहतं.

बडोद्यात हा खटाटोप स्वस्त झाला तो साठच्या दशकात. १९६२ मध्ये गुजरात औद्योगिक विकास महामंडळ (जीआयडीसी) स्थापन झालं, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागत, ते करणाऱ्या लहान शेड एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. सायकलवर तुकडा ठेवून नेता येईल इतक्या अंतरावर पार्टी असेल, तर स्वतःचं मशिन कोण घेईल?

नंतरची ढकल कायद्याने दिली, आणि माझ्या मते मॅनेजमेंटच्या पुस्तकांपेक्षा तिचाच वाटा मोठा आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की तो कारखाना धरला जाई. मग हजेरीपटावर नऊच नावं ठेवून उरलेलं काम बाहेर देण्याची युक्ती निघाली. १९७४ मध्ये पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आला, आणि हार्ड क्रोमसारखी (धातूवर क्रोमचा कडक थर चढवण्याची) क्रोमिक ॲसिडची कामं लहान युनिटला घरात ठेवणं परवडेना.

हार्ड क्रोमचं काम जवळून पाहिलं तर काय बाहेर द्यावं याचं उत्तर बरंचसं तिथेच सापडतं. शाफ्ट आधी मापापेक्षा किंचित बारीक टर्न करतात, प्लेटिंगला पाठवतात, आणि क्रोमचा थर बसल्यावर ग्राइंडिंग करून अंतिम मापाला आणतात. प्लेटिंग खुशाल बाहेर करावं. ते शेवटचं ग्राइंडिंगही प्लेटिंगवाल्याकडेच सोडलं, तर माप त्याच्या हातात गेलं. तुमच्याकडे उरला मायक्रोमीटर, तोही माल रिजेक्ट झाल्यावर बाहेर काढायला. गिऱ्हाईक ज्या मापासाठी आपल्याकडे येतं, ते माप घरात हवं.

हिशेबाची गोष्ट वेगळी. मेहताजी वर्षानुवर्षं पेढीवरच बसत. १९८४ च्या अर्थ कायद्याने ठरावीक उलाढालीवर टॅक्स ऑडिट सक्तीचं केलं आणि सीए दरवर्षीचा झाला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि तो दर महिन्याचा झाला. परदेशात कोडॅकने १९८९ मध्ये आपलं संगणकाचं काम आयबीएमला दिलं, १९९० मध्ये व्यवस्थापनतज्ज्ञ प्रल्हाद आणि हॅमेल यांनी मुख्य कौशल्य जपण्याचा सिद्धांत मांडला, याचा गाजावाजा फार. मकरपुऱ्यात तोवर निम्मं काम बाहेर गेलेलंच होतं.

काम बाहेर गेलं तरी जबाबदारी मात्र घरीच राहिली, आणि इथेच बरेच जण फसतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, अशी तरतूद होती. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर मूळ मालकाकडून घेतात. रिटर्न सीएने उशिरा भरलं तरी लेट फी युनिटच्याच नावावर.

बाहेर काम देण्याचं एक कारण कुणी उघड बोलत नसे: उधारी. घरच्या कामगाराला पगार महिन्याला द्यावा लागतो, जॉबवर्कवाला मात्र तीन-तीन महिने थांबे. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने बिल भागवायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांची, नसेल तर १५ दिवसांची मुदत घातली होती, पण तिला कुणी फारसं मोजलं नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात ती जोडली गेली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत भागवलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो. त्यामुळे निव्वळ उधारीच्या सोयीसाठी बाहेर दिलेल्या कामांचा हिशेब आता मार्चच्या आत नव्याने मांडावा लागतो.