नाक्यावरची ओळख आणि कमानीवरचा कॅमेरा

बोरखेडी, दारोडा, केळापूर. नागपूरहून पांढरकवड्याकडे नेहमी जाणाऱ्याला ही गावं टोल नाक्यांमुळेच पाठ असतात. अमरावतीच्या वाटेवर तशीच गोंडखैरी, कारंजा घाडगे आणि नांदगाव पेठ. आता नाक्यावरचा आडवा दांडाच काढायचा, असं केंद्र सरकारने ठरवलं आहे. गाडी न थांबता पुढे जाईल, रस्त्यावरच्या कमानीतलं यंत्र फास्टॅग वाचेल, कॅमेरा नंबरप्लेट टिपेल आणि पैसे खात्यातून कापले जातील. गुजरातमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तसा करारही झाला.

रस्त्यावर आणि पुलावर पैसे घ्यायचा सरकारी कायदा १८५१ चा. त्या वर्षी नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं आणि वऱ्हाड निजामाकडे होतं. इंग्रजांचा अंमल इथे १८५३-५४ मध्ये आला. टोल हा शब्द गावात रुजला तो मात्र फार उशिरा. त्याआधी नाका म्हटलं की जकात नाकाच डोळ्यापुढे यायचा. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ चा; त्यात १९९५ मध्ये दुरुस्ती झाली आणि खासगी कंपनीने रस्ता बांधायचा, मग ठरलेली वर्षं वाहनांकडून वसुली करायची, ही वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं. राज्याच्या रस्त्यांवर नाके वाढत गेले, तसा लोकांचा रागही वाढत गेला. अखेर जून २०१५ पासून राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीप व एसटीला सूट दिली.

माझ्या मते खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे २००८ ची शुल्क नियमावली. दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर अंतर हवं, हे तीतच आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला स्वतःच्या खासगी गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो. २००७-०८ च्या पायाभूत दराने तो १५० रुपयांना होता आणि दरवर्षी वाढतो. पण बाजूला सेवा रस्ता किंवा दुसरा रस्ता असेल तर पास नाही. त्याच जिल्ह्यात नोंद झालेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या मालवाहू गाडीला निम्मा दर. ही सवलत दरफलकावर लिहिलेली असते, पण कागद दाखवल्याशिवाय पदरात पडत नाही. खिडकीतला पोरगा गावातलाच असला की “भाऊ, इथलाच आहो ना मी” एवढ्यावर दांडा वर गेल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. तो हक्क नव्हता, ओळख होती.

ती ओळख यंत्राने हळूहळू पुसली. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांच्या समितीने २०१० मध्ये काचेवर चिकटवायच्या रेडिओ पट्टीची, म्हणजे आजच्या फास्टॅगची, शिफारस केली. या पट्टीत बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या लहरींवरच ती जागी होऊन आपला क्रमांक कळवते, म्हणून ती स्वस्त पडते. एप्रिल २०१२ मध्ये हरियाणातल्या चंडीमंदिरला अशी पट्टी वाचणारा पहिला नाका सुरू झाला. २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रयोग झाला. डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला फास्टॅग लावूनच विकायचं ठरलं आणि फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून तो सगळ्यांना सक्तीचा झाला. नसेल तर तेव्हा दुप्पट पैसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापट आणि रोख देणाऱ्याला दुप्पटच, असं ठरलं.

न थांबता वसुलीची कल्पना जुनी आहे. कॅनडात टोरंटोजवळचा ४०७ क्रमांकाचा महामार्ग १९९७ पासून तसा चालतो. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये उपग्रहाने अंतर मोजायचे नियम निघाले. त्यात दिवसाला २० किलोमीटरपर्यंत शुल्क नव्हतं. पण पुढे सरकार नंबरप्लेट आणि फास्टॅग यांच्या जोडीकडे वळलं.

विदर्भाने अंतराप्रमाणे पैसे देणं आधीच अनुभवलं आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. शेलू बाजारला चढा आणि मेहकरला उतरा, तेवढ्याच अंतराचे पैसे. सुरुवातीला हलक्या वाहनाला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे दर होता. ट्रॅक्टर आणि दुचाकीला तिथे प्रवेशच नाही.

दांडा गेला तर डिझेल वाचेल, वरुड-मोर्शीकडून संत्री घेऊन निघालेली गाडी उन्हात रांगेत अडकणार नाही. हे मला मनापासून हवं आहे. पण खिडकी गेल्यावर कागद दाखवायचे कोणाला? नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याला एमएच २७ म्हणजे अमरावती आणि एमएच ३२ म्हणजे वर्धा हे आपोआप कळू शकतं. मग जिल्ह्यातल्या मालवाहू गाडीचा निम्मा दर अर्जाविना लागू करायला यंत्राची अडचण नाही. २० किलोमीटरच्या आतला पत्ताही वाहनाच्या नोंदीत असतोच. नांदगाव पेठेजवळच्या शेतकऱ्याच्या खात्यातून पूर्ण रक्कम कापायची आणि मग त्याला परताव्यासाठी फेऱ्या मारायला लावायच्या, याची गरज उरत नाही.