कोरियन निसर्गचित्रं म्हणजे चिनी नक्कल? नाही

भिंतीवर टांगायच्या जुन्या कोरियन गुंडाळीचित्रांतले डोंगर-धबधबे म्हणजे निव्वळ चिनी नक्कल, तीही काल्पनिक जागांची, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात थोडं तथ्य आहे. कोरियावर राज्य करणाऱ्या जोसन राजवटीतल्या सुरुवातीच्या चित्रकारांनी चिनी शैली मन लावून गिरवली. आन ग्योनचं १४४७ मधलं प्रसिद्ध चित्र तर राजपुत्र आनप्योंगला स्वप्नात दिसलेल्या प्रदेशाचंच आहे.

पण अठराव्या शतकात चित्रकार जोंग सोन (१६७६–१७५९) आपल्याच देशातले डोंगर रंगवू लागला. त्याचं १७३४ चं कुमगांग पर्वताचं चित्र नीट पाहा. डावीकडे झाडीने भरलेले मातीचे डोंगर, ओल्या ठिपक्यांनी उमटवलेले. बाकी सगळीकडे सुळक्यांची दाटी, उभ्या, धारदार रेघांची. ठिपक्यांची ही पद्धत मूळची चिनीच. पण तिने उभा केलेला डोंगर कोरियातला. आणि सगळी पर्वतरांग एका वर्तुळात, आकाशातून पाहिल्यासारखी! कुठल्याही एका जागेवरून ती अशी दिसत नाही. त्यामुळे या चित्रांना ‘हुबेहूब’ म्हणणंही तितकंच चूक.

सोलमधल्या इनवांग डोंगराचं तेच. त्याचे कडे फिकट ग्रॅनाइटचे, पण पावसानंतर भिजलेले ते कडे जोंग सोनने १७५१ मध्ये शाईचे थरावर थर देत काळेकुट्ट रंगवले. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. मला त्याचं हेच काम सर्वांत थोर वाटतं. २०२१ मध्ये ते देणगी म्हणून कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आलं.